उपास करणे आणि उपास घडणे

पानवेल (रविवार, रात्री ९:४०)

राखेच्या बुधवारी चर्चमधली सकाळची मिस्सा (आमची उपासना) आटोपून तसाच लोकलला उभा राहिलो. कपाळावर राखेचा क्रूस. शेजारचे काका बराच वेळ बघत होते, शेवटी "अहो, काहीतरी लागलंय इथे" म्हणून स्वतःचा रुमाल पुढे केला. वीस वर्षं हा संवाद होतोय, दर वेळी माणूस नवा.

वसईकरांना सांगायला नको, बाकीच्यांसाठी: राखेचा बुधवार ते ईस्टरच्या आदला शनिवार हा आमचा उपवासकाळ. बोलताना सगळे लेंटच म्हणतात. दिवस मोजले तर ४६ भरतात, पण रविवार धरत नाहीत, म्हणून ४०. कडक उपास दोनच दिवस, राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे, तोही १८ ते ५९ वयाच्यांना. एक पूर्ण जेवण, आणि लागलंच तर दोनदा थोडंसं. मटण-चिकन नाही, मासे चालतात. म्हणजे 'एकादशी दुप्पट खाशी'वाल्यांनी हसू नये, आमच्याकडेही पापलेट खाऊन शुक्रवार पाळणारे आहेत.

याशिवाय प्रत्येकजण आपल्या मनानं काहीतरी सोडतो. आमचे आजोबा पानवेलीच्या वाडीत राबणारे, विडीशिवाय त्यांचा दिवस सुरू होत नसे. राखेच्या बुधवारी ते विडीचं बंडल आणि काडेपेटी घरातल्या आल्तारावर, येशूच्या तसबिरीपुढे ठेवायचे. फेकायचे नाहीत, कुणाला देऊनही टाकायचे नाहीत. संध्याकाळी रोझरीला घर जमलं की बंडल सगळ्यांच्या समोर. मी लहानपणी एकदा विचारलं, लपवून का नाही ठेवत? म्हणाले, "लपवली तर ती मला शोधायला लावील. इथं मी तिच्याकडं बघतो, ती माझ्याकडं बघते." ईस्टरच्या सकाळी पहिली विडी पेटवायचे आणि हमखास ठसका लागायचा.

यंदा मी फोन सोडला. म्हणजे रात्री आठ ते सकाळी सहा. स्वयंपाकघरात तांदळाच्या डब्यावर ठेवून देतो. चार दिवसांत जे दिसलं ते लाजिरवाणं आहे. घरी मी बिनखिशाचा लेंगा घालतो. तरी दर पाच-सात मिनिटांनी उजवा हात मांडीवर जाऊन चापट मारून परत येत होता. मी पाठवत नव्हतो, तो आपणहून जात होता. तिसऱ्या दिवशी बायकोनं विचारलं, डास चावतायत का.

मी स्वतःला मोकळा माणूस समजत होतो. कुणाची आडकाठी नाही, पगार आपल्या हातात, वाटेल ते बघतो, वाटेल तेव्हा झोपतो. आणि हात मात्र माझा नाही! पौलाचं करिंथकरांना लिहिलेलं वाक्य धर्मशिक्षणाच्या तासाला पाठ केलं होतं: "सर्व गोष्टींची मला मोकळीक आहे, तरी मी कोणत्याही गोष्टीच्या अधीन होणार नाही." पाठ तेव्हाच झालं, कळलं लेंग्यामुळे.

बुधवारच्या प्रवचनात फादरांनी सांगितलेलं एक डोक्यात बसलंय. माझ्यामागे यायचं तर स्वतःला नाकारा आणि आपला क्रूस उचला, असं येशू मार्कच्या शुभवर्तमानात म्हणतो. तिथं जे ग्रीक क्रियापद आहे, तेच पुढे त्याचा शिष्य पेत्र यानं त्याला नाकारलं त्यालाही आलंय. कोंबडा आरवायच्या आत तीनदा फिरलेला तो पेत्र, "मी त्या माणसाला ओळखत नाही" म्हणणारा. म्हणजे आत्मत्याग म्हणजे स्वतःला झोडपणं नव्हे. आत जो सारखा 'आण, आण' करत बसलाय, त्याच्याकडे बघून "मी याला ओळखत नाही" म्हणायचं. हात मांडीवर गेला की मी हल्ली मनात तेच म्हणतो. कधी उपयोग होतो, कधी नाही.

तुमचं काय? काही सोडल्यावर खरंच मोकळं वाटतं, की नुसती चिडचिड?

खडीसाखर (रविवार, रात्री ९:५२)

रात्री आठनंतर फोन तांदळाच्या डब्यावर. धागा नऊ चाळीसला.

पानवेल (रविवार, रात्री ९:५५)

रविवार धरत नाहीत. वर लिहिलंय.

खडीसाखर (रविवार, रात्री ९:५६)

मग आजोबा रविवारी विडी ओढायचे का?

पानवेल (रविवार, रात्री ९:५८)

नाही. मी आजोबा नाही.

तर्कट (रविवार, रात्री १०:१५)

माझी आजी काशीला जाऊन कारलं सोडून आली. तिला ते मुळात आवडतच नव्हतं. आजोबांनी पडवळ सोडलं, कारण आजी ते फार वाईट करायची. दोघांनी मरेपर्यंत नेम पाळला.

गंमत बाजूला. चातुर्मासात कांदा-लसूण बंद, गळ्यात माळ पडली की मटण-दारू बंद, पर्युषणात आमचे जैन शेजारी आठ-आठ दिवस पाण्यावर. सगळीकडे एकच: मनाला लगाम. यात 'ख्रिस्ती' काय आहे? आणि स्वातंत्र्य कसलं? एक मालक उठवला, दुसरा बसवला. फोनचं ऐकत नाही, चर्चचं ऐकतो.

पानवेल (रविवार, रात्री १०:२५)

चर्चनं फोन सोडायला सांगितलं नव्हतं हो. पण मालकाच्या मुद्द्याला माझ्याकडे उत्तर नाही. जाणत्यांनी सांगा.

अर्धा_फादर (रविवार, रात्री ११:०५)

सेमिनरीत, म्हणजे फादर घडवतात तिथं, चार वर्षं काढून बाहेर पडलो, म्हणून हे नाव. जाणता वगैरे नाही.

तर्कट, लगाम बरोबर, पण घोळही तिथेच आहे. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात जाऊन राहिलेल्या संन्याशांना तो पुरता ठाऊक होता. त्यांच्यातला एव्हाग्रियस (मृत्यू ३९९) यानं माणसाला छळणाऱ्या आठ विचारांची यादी केली. पहिला खादाडपणा. सातवा लोकांनी वाहवा करावी ही हाव, आठवा गर्व. त्याचं निरीक्षण असं, की बाकीचे हरून पडले की हा सातवा निर्लज्जपणे पुढे सरकतो, कारण तुमचा विजय हेच त्याचं खाद्य. नुसता लगाम घातला तर घोडा शांत होतो आणि स्वार चढेल होतो. सोवळ्याचा तोरा ज्यांनी पाहिलाय त्यांना हे समजावून सांगायला नको. मिस्सा सुटल्यावर चर्चच्या आवारात आपण किती दिवस पाण्यावर आहोत ते ऐकवणारे आमच्यातही आहेत. येशूनं तर सांगूनच ठेवलंय, उपास करशील तेव्हा तोंड धू, डोक्याला तेल लाव, कुणाला कळता कामा नये.

त्याच वाळवंटातली एक गोष्ट मला फार आवडते. कासियन आणि त्याचा मित्र जर्मानुस पॅलेस्टाइनकडून इजिप्तला आले आणि एका म्हाताऱ्या संन्याशाकडे गेले. म्हाताऱ्यानं आपला नेम बाजूला ठेवून त्यांना जेवायला वाढलं. कासियननं विचारलं, आमच्याकडे पाहुणा आला तरी उपास मोडत नाहीत, तुम्ही कसा मोडलात? म्हातारा म्हणाला, उपास माझ्यापाशी कायमच आहे, तुम्ही काही कायम राहणार नाही.

हा माणूस मला मोकळा वाटतो. भुकेच्या ताब्यात नाही आणि उपासाच्याही नाही. मी सेमिनरीत असताना नेमाच्या बाबतीत एकदम कडक होतो, पाहुणा आला असता तर त्याला उपाशीच घालवला असता.

तर्कट (रविवार, रात्री ११:२०)

गोष्ट झकास. मालक अजून बसलेलाच आहे.

काठावरचा (सोमवार, पहाटे ५:१०)

मी इथे लिहीत नाही, नुसता वाचतो. मालकाबद्दल सांगतो.

दारू सोडून मला १९ वर्षं झाली. त्याआधी अकरा वेळा सोडली होती. आईची शपथ, पोराच्या डोक्यावर हात, एकदा वांद्र्याला मोतमावलीपर्यंत अनवाणी चालत. दर वेळी 'मी सोडणार' म्हणायचो. तो 'मी'च तर पिणारा होता. एएच्या (अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, दारू सोडू पाहणाऱ्यांची संघटना) मीटिंगला गेलो तर पहिली पायरीच उलटी: कबूल करा की हिच्यापुढे माझं काही चालत नाही. १९३५ साली अमेरिकेत दोन दारुड्यांनी एकमेकांना धरून हे सुरू केलं. देव कोणता ते ज्याचं त्यानं बघायचं. मी हिंदू, आमची मीटिंग चर्चच्या मागच्या खोलीत, चहा करणारा मुसलमान. ज्या दिवशी ते वाक्य मनापासून तोंडातून निघालं, त्या रात्री झोप लागली.

आत्मत्याग वगैरे शब्द तेव्हा माहीत नव्हते. मी सोडली असं मी म्हणत नाही, सुटली म्हणतो. तर्कट साहेब, दुसरा मालक बसलाही असेल. पण हा मला पहाटे गुत्त्याच्या शटरला कान लावून उभा करत नाही.

तर्कट (सोमवार, सकाळी ८:४०)

काठावरचा, यावर मी वाद घालणार नाही. लिहिलंत ते बरं केलंत.

मधली_सून (सोमवार, दुपारी १:३०)

सगळे पुरुष छान छान सोडताहेत. विडी, दारू, फोन, पडवळ. आता माझं ऐका.

माहेर नगरकडचं ख्रिस्ती, सासर पुण्यातलं, तेही ख्रिस्ती. दोन्हीकडे 'आत्मत्याग' हा शब्द बायकांसाठी राखून ठेवलेला. आई सगळ्यांची पानं झाल्यावर बसायची. पिठल्याच्या कढईत पाण्याचा हबका मारून कडेची खरपुडी सोडवायची आणि त्यात भाकरीचा तुकडा फिरवायची. ते तिचं जेवण. पाळक उपदेशात सांगायचे, मातेचा आत्मत्याग बघा. बापाचा बघायला कधी कुणी सांगितलं नाही.

मराठीत दोन वेगळी क्रियापदं आहेत. उपास करतात, आणि उपास घडतो. आईला घडायचा, वर्षाचे ३६५ दिवस, रविवार धरून. तिला 'स्वतःला नाकार' म्हणून काय सांगणार? तिला तिच्या स्वतःशी कुणी ओळखच करून दिली नव्हती.

चौफुला (सोमवार, दुपारी ४:०५)

'उपास घडणे' वाचलं आणि पंडिता रमाबाई आठवल्या. आमचं गाव केडगावजवळ, दौंड लाइनला. मुक्ती मिशनची भिंत बघतच वाढलो, पण वाचलं फार उशिरा.

रमाबाईंचा (जन्म १८५८) उपास घडण्याचा अनुभव आपल्याला झेपणारा नाही. वडील अनंतशास्त्री डोंगरे पुराण सांगत तीर्थातीर्थांतून फिरायचे, मिळेल ते दानधर्मात आणि अनुष्ठानांत जायचं. १८७० च्या दशकात मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला तेव्हा घर रिकामं. शेवटचा दाणा संपल्यावर सगळं कुटुंब जंगलात गेलं आणि अकरा दिवस पाणी, पाला आणि मूठभर रानखजूर यांवर काढले. वडील जलसमाधी घ्यायला निघाले होते, मुलगा मजुरी करतो म्हणाला म्हणून थांबले. पण पुढे वडील, आई, थोरली बहीण एकामागोमाग गेलीच. हे रमाबाईंनीच १९०७ मध्ये आपल्या साक्षीत लिहून ठेवलंय.

आता पुढचं बघा. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला वाँटेजच्या सिस्टरांकडे गेल्या आणि २९ सप्टेंबरला लहानग्या मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. तिथं खटका कशावरून उडाला? पुडिंगवरून. त्यात अंडं असायचं, बाई शाकाहारी, खाणार नाही म्हणाल्या. त्यांच्या धर्ममाता सिस्टर जेराल्डिन यांना त्यात जातीचा गर्व दिसला. म्हणजे बघा, 'स्वतःला नाकार' हे इथं वरून खाली सांगितलं जात होतं. रमाबाईंनी उत्तर लिहिलं त्याचा मतलब असा: माझा गर्व तुम्ही खुशाल 'पाय' नावाच्या इंग्लिश पदार्थात आणि पुडिंगांत शोधा, पण इंग्लिश बाई हिंदुस्थानात जाऊन राहिली आणि तिनं आपल्या सवयी सोडल्या नाहीत, तर तिला कुणी गर्विष्ठ म्हणेल का? क्रूसावर लॅटिन अक्षरं होती, त्यावरही वाद. संस्कृतनं काय घोडं मारलंय? आणि चर्चनं सांगितलं ते मुकाट मानायची वेळ आली तेव्हा त्यांनी सरळ कळवलं, की एका पुरोहितवर्गाचं जोखड मोठ्या कष्टानं मानेवरून काढलंय, लगेच दुसरं तसलंच घेणार नाही. मला स्वतःची विवेकबुद्धी आहे.

याच बाईंनी पुढे काय केलं? १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात स्वतः जाऊन, रस्त्यांवर आणि छावण्यांत मरायला टाकलेल्या मुली केडगावला आणल्या. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तिथली वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. नाव ठेवलं 'मुक्ती'. स्वतः साध्या पांढऱ्या लुगड्यात. शेवटची वर्षं हिब्रू-ग्रीकवरून साध्या मराठीत बायबल उतरवण्यात गेली, छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवणाऱ्या संस्थेतल्याच बायका. १९२१ मध्ये मनोरमा गेली, ५ एप्रिल १९२२ ला त्या.

मला वाटतं पुडिंग आणि केडगाव ही एकच गोष्ट आहे. आपल्या ताटातलं नको ते 'नको' म्हणायला जी भांडली, तीच पुढे स्वतःचं सगळं दुसऱ्यांच्या ताटात वाढू शकली. आधीचं भांडण नसतं तर नंतरचा त्याग म्हणजे आणखी एक घडलेला उपास.

मधली_सून (सोमवार, दुपारी ४:३०)

पुडिंगचं माहीत नव्हतं. आईला वाचून दाखवते.

नगरी_बाणा (सोमवार, संध्याकाळी ६:२०)

चौफुला, जबरी. माझी भर.

आमचे पणजोबा महारवाड्यातले. १८७६-७८ च्या दुष्काळानंतर ख्रिस्ती झाले, म्हणून गावानं 'पोटासाठी बाटले' हे तीन पिढ्या ऐकवलं. पोट भरलेल्यांनाच दुसऱ्याचं पोट हे कारण हलकं वाटतं. चर्चच्या रजिस्टरात पणजोबांचं नाव बापाच्या नावासकट पहिल्यांदा पूर्ण लिहिलं गेलं. तोवर नुसतं धोंड्या.

आमची मंडळी अमेरिकन मराठी मिशनची, नगरला १८३१ पासूनची. लेंट वगैरे आमच्या घरी कुणी पाळत नसे. आजोबांना 'प्रभूचा दास' हा शब्दही खटकायचा. म्हणायचे, दास होतोच की, त्यात नवीन काय मिळालं? शाळामास्तर होते, लूथरचं १५२० चं ते दुहेरी वाक्य आवडीनं सांगायचे: ख्रिस्ती माणूस सर्वांहून स्वतंत्र धनी आहे, कुणाचा ताबेदार नाही, आणि ख्रिस्ती माणूस सर्वांचा सेवक आहे, सर्वांचा ताबेदार आहे. आजोबांची पुस्ती अशी, की क्रम बदलायचा नाही. आधी पहिलं. लोक आम्हाला थेट दुसरं शिकवायला येतात.

आणि पणजीचं ऐकलेलं सांगतो. रोज दळायला बसायच्या आधी ती मूठभर ज्वारी एका गाडग्यात बाजूला टाकायची, रविवारी चर्चला न्यायला. घरात धान्याची बोंब असतानाही. शेजारणी म्हणायच्या, अगं लेकरांच्या तोंडचं काढतेस. पण तिचं सगळं तरुणपण दुसऱ्यांच्या दारात भाकरीचा तुकडा मागण्यात गेलेलं. आता तिला देता येत होतं. आजोबा सांगायचे, ते गाडगं डोक्यावर घेऊन ती रविवारी अशी चालायची की लग्नाला निघालीय. तिच्या लेखी तो त्याग नव्हताच, चैन होती.

मांडवी (सोमवार, संध्याकाळी ७:१५)

आमच्या गोव्यात शनिवार ते मंगळवार इंत्रुज, नाच आणि धुडगूस, मग बुधवारी राख. त्यामुळे सोडायला निदान काहीतरी जमा असतं.

साताऱ्याची_पायरी (सोमवार, रात्री ९:००)

रेव्हरंड टिळक (कवी ना. वा. टिळक) राहिले की. १९१७ मध्ये मिशनची नोकरी आणि पगार सोडून साताऱ्याला आले आणि 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा झालेले-न झालेले सगळे या म्हणाले. ख्रिस्ती संन्यासच तो. १९१९ मध्ये गेले. माणूस खरा मोकळा, पैसा हातात टिकू द्यायचा नाही. फक्त त्या मोकळेपणाचं बिल कोण भरत होतं ते त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे'त वाचा. हसवत हसवत लिहिलंय, पण हिशोब चोख आहे.

मधली_सून (सोमवार, रात्री ९:१०)

मी दुपारपासून दुसरं काय म्हणतेय!

अर्धा_फादर (सोमवार, रात्री १०:३०)

नगरी बाणा, आजोबांची 'क्रम बदलायचा नाही' ही पुस्ती आम्हाला सेमिनरीत कुणी सांगितली असती तर बरं झालं असतं. आम्हाला थेट दुसरं वाक्य शिकवलं.

पानवेल (मंगळवार, सकाळी ६:०५)

आत्ता डब्यावरून फोन उचलला आणि एका दमात सगळं वाचलं. काठावरचा आणि नगरी बाणा, आभार वगैरे म्हणत नाही, दोनदा वाचलं.

साताऱ्याच्या पायरीचं बिलाचं वाचून उत्साहानं बायकोला विचारलं, तू यंदा लेंटला काय सोडलंस? ती डबा भरत होती. म्हणाली, "तू फोन सोडलास ना, तेवढं पुरे." मग कळलं. आठनंतर माझा फोन लागत नाही म्हणून आईचे फोन तिला जातात, शाळेच्या ग्रुपवरचं उद्या काय आणायचं ते ती बघते, सोसायटीचा सेक्रेटरी तिलाच गाठतो. काल रात्री नऊला ती एका कानाला फोन लावून भांडी घासत होती आणि मी शेजारच्या खोलीत बसून 'मी याला ओळखत नाही' म्हणत होतो.

आजपासून रात्रीची भांडी माझी. हात साबणात असले की मांडीवर जात नाहीत, असा अंदाज आहे.

खडीसाखर (मंगळवार, सकाळी ६:४०)

फोटो टाका.

पानवेल (मंगळवार, सकाळी ६:४२)

आठनंतर कसा टाकू?